आईचं माहेरचं नाव

माझ्या सुनेचे पणजोबा एकाच गावात, एकाच घरात जन्मले. पण अमेरिकेतल्या सरकारी कागदांवर त्यांचा जन्मदेश तीन वेगवेगळ्या नावांनी लिहिलेला आहे. १९१० च्या जनगणनेत हंगेरी, १९३० च्या जनगणनेत चेकोस्लोव्हाकिया आणि मृत्यूच्या दाखल्यावर ऑस्ट्रिया. लिहिणाऱ्यांपैकी कुणी खोटं लिहिलं, असं म्हणता येत नाही. ते गाव आज स्लोव्हाकियात आहे. पणजोबांनी गाव सोडलं १९०५ च्या सुमारास. ते गेल्यावर गाव जागचं हललं नाही, देश मात्र बदलत राहिले.

पहिल्या महायुद्धात हंगेरी हरली आणि ४ जून १९२० रोजी व्हर्सायमध्ये त्रियानोंच्या तहावर सह्या झाल्या. हंगेरीच्या जुन्या राज्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक मुलूख शेजारच्या देशांकडे गेला. कॉश्शॉचं कोशित्से झालं, पोझोन्यचं ब्रातिस्लाव्हा, कोलोझ्वारचं क्लुज, तेमेश्वारचं तिमिश्वारा. सर्वांत जास्त फरफट झाली ती कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या मुकाचेवो, उझहोरोद या भागाची. तिथे १९१० साली जन्मलेला आणि वेस कधीच न ओलांडलेला माणूस ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मला, चेकोस्लोव्हाकियात शाळा शिकला, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा हंगेरीचा झाला, सोव्हिएत संघात म्हातारा झाला आणि ऐंशी ओलांडून जगला असेल तर युक्रेनचा नागरिक म्हणून वारला.

माझी सगळी नोकरी नाशिकला भूमी अभिलेख खात्यात झाली. हद्द, गट नंबर, फेरफार, जुन्या मोडी नोंदी यांत आयुष्य गेलं. म्हणून क्लीव्हलंडला मुलाकडे राहायला गेले तेव्हा सून रात्री मुलं झोपल्यावर संगणकावर आपल्या घराण्याच्या जुन्या नोंदी उघडून बसायची, तिच्याशेजारी खुर्ची ओढून मीही बसू लागले. भाषा कळत नव्हती, पण रकान्यांचा कागद मला परका नव्हता.

क्लीव्हलंड हे या शोधासाठी भाग्याचं ठिकाण. पोलादाचे कारखाने, ओतशाळा यांच्या ओढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे हंगेरियन माणसं येत राहिली. बकाय रोडचा परिसर त्या काळी त्यांचा. १८९२ साली स्थापन झालेलं तिथलं सेंट एलिझाबेथचं चर्च हा अमेरिकेतला हंगेरियन कॅथलिकांचा पहिला पॅरिश. युनिव्हर्सिटी सर्कलमध्ये त्यांचा राष्ट्रीय पुढारी लायोश कोशुत याचा पुतळा १९०२ पासून उभा आहे. इथे आलेली माणसं बहुतेक हंगेरीच्या ईशान्येकडच्या जिल्ह्यांतली, अबाउय, झेम्प्लेन, शारोश इथली. जमीन थोडी, खाणारी तोंडं फार. दोन-चार वर्षं राबायचं, पैसे साठवायचे, परत जाऊन शेत घ्यायचं, हा बेत. बरेच जण खरोखर परतलेही. सगळ्यांना ते जमलं नाही. १९ डिसेंबर १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या डार कोळसा खाणीत स्फोट होऊन २३९ माणसं मेली, त्यांत हंगेरीतून आलेले पुष्कळ होते. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना एकत्र पुरलं. तिकडे गावात कुणी आई वर्षानुवर्षं पत्राची वाट बघत राहिली असेल. त्या खाणीतले काही रुथेनियन, म्हणजे कार्पेथियन डोंगरांकडचे, कामगार त्या दिवशी वाचले, कारण त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे सेंट निकोलसचा सण होता आणि ते कामावर न जाता चर्चमध्ये गेले होते.

सुनेचे पणजोबा ओतशाळेत होते आणि त्यांनी इथेच संसार केला. घरात एकच गोष्ट पिढीजात सांगितली जायची: ‘आपण कॉश्शॉजवळचे.’ गावाचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. आणि या शोधात गावाचं नाव नसलं की काहीच नसतं. हंगेरीत नागरी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १ ऑक्टोबर १८९५ पासून. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, गावोगाव, पंथापंथाप्रमाणे. कॅथलिकांची वही वेगळी, कॅल्विनपंथीयांची वेगळी, ल्यूथरपंथीयांची वेगळी, ग्रीक कॅथलिकांची वेगळी, ज्यूंची वेगळी. साऱ्या देशाची अशी एक वही नाहीच.

मग उलट्या बाजूने चालावं लागतं. जिथे माणूस पोचला तिथले कागद आधी संपवायचे. १९०६ च्या कायद्यानंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मगाव असतं. पहिल्या महायुद्धातल्या सैन्यभरतीच्या नोंदी असतात. जहाजांच्या याद्या असतात. ‘एलिस आयलंडवरच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं,’ असं अमेरिकेतल्या कितीतरी घरांत सांगतात. ते खरं नाही. त्या याद्या युरोपच्या बंदरावरच तयार होत आणि एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रवेशनाक्यावर, त्या नुसत्या तपासल्या जात. नावं बदलली ती नंतर, शाळेत, पगाराच्या वहीत, शेजाऱ्यांच्या तोंडी, आणि पुष्कळदा माणसांनी स्वतःहून. म्हणून नाव डोळ्यांनी शोधू नये, कानांनी शोधावं. इंग्रजी लिहिणाऱ्याने हंगेरियन आवाज जसा ऐकला तसा कागदावर उतरवला.

गाव शेवटी सापडलं ते सेंट एलिझाबेथसारख्याच एका हंगेरियन चर्चच्या लग्नाच्या वहीत. तिथल्या पाद्र्याने वर आणि वधू दोघांचंही मूळ गाव आणि जिल्हा सुवाच्य अक्षरात लिहिला होता. आपल्या माणसांना पुढे कधी हे लागेल, हे त्याला ठाऊक होतं की काय, कोण जाणे. त्या अनामिक पाद्र्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

गाव मिळालं तरी ते नकाशावर मिळेलच असं नाही. १८९८ च्या कायद्याने हंगेरीतल्या प्रत्येक गावाला एकच अधिकृत नाव द्यायचं ठरलं. सारख्या नावाच्या गावांना मागे-पुढे शब्द जोडले गेले. १९२० नंतर स्लोव्हाक नावं आली. १९४८ साली त्यांतलीही कित्येक पुन्हा बदलली. पार्कान्यचं श्टुरोव्हो झालं ते तेव्हा. अशा वेळी यानोश द्वोर्झाक या गृहस्थाने १८७७ साली प्रसिद्ध केलेला गावांचा कोश उपयोगी पडतो. त्यात प्रत्येक वस्तीत कुठल्या धर्माची माणसं राहतात आणि त्यांचं चर्च कुठल्या गावी आहे, हेही दिलेलं आहे. सुनेच्या गावाला स्वतःचं चर्च नव्हतंच. पोरं बाप्तिस्म्याला शेजारच्या गावी नेत. ते शेजारचं गाव मिळालं आणि वह्या उघडल्या.

त्या वह्यांसमोर आम्ही दोघी खूप रात्री बसलो. भाषा लॅटिन, कुठे कुठे हंगेरियन. तारीख, बाळाचं नाव, आईबापांची नावं, धर्म, घर क्रमांक, बाप्तिस्म्याचे साक्षीदार असलेले धर्ममाता-धर्मपिता आणि बाप्तिस्मा देणारा पाद्री. घर क्रमांक बघून मी हरखलेच. एका घरात कुठल्या साली कोण जन्मलं, कोण लग्न होऊन आलं, कोण गेलं, हे सातबाऱ्यावरच्या फेरफारांसारखं ओळीने वाचता येत होतं. बापाच्या नावापुढे त्याची पायरी लिहिलेली: कुणी कुळ, कुणी भूमिहीन, कुणी तर स्वतःचं घरही नसलेला, दुसऱ्याच्या खोपटात राहणारा. सुनेचे पूर्वज या शेवटच्या पायरीचे. उमरावांच्या वंशावळ्या जगात सगळीकडे जपल्या जातात. पण ज्याला जमीन नाही, छप्पर नाही, लिहिता येत नाही, अशा माणसाच्या सहा पिढ्या नावागावासकट राहाव्यात, ही त्या वह्यांची मोठी गोष्ट आहे.

आणि मग ते इश्त्वान. १८२० च्या दशकात एका जोडप्याला मुलगा झाला, नाव इश्त्वान. लॅटिन वहीत स्टेफानुस. नावापाशी छोटा क्रूस, म्हणजे मूल गेलं. दोन वर्षांनी पुन्हा मुलगा, पुन्हा इश्त्वान, पुन्हा क्रूस. नंतर तिसरा इश्त्वान. आधी आम्हाला वाटलं, एकाच नावाची वेगवेगळी घरं असतील. पण घर क्रमांक तोच, आई तीच, धर्ममाता तीच. त्या काळी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची रीतच होती. तिसरा इश्त्वान जगला आणि सुनेच्या पणजोबांचे आजोबा झाला. सून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आई, आम्ही सगळे त्या तिसऱ्या मुलामुळे आहोत.”

त्याच गावाच्या मृत्यूच्या वहीत १८३१ चा उन्हाळा आला. एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी. आणि एकदम पानंच्या पानं, मृत्यूच्या कारणाखाली एकच शब्द, कॉलरा. त्या एका साथीत हंगेरीत दोन लाखांहून अधिक माणसं दगावली. ही साथ मूळची आपल्याकडची. १८१७ साली बंगालच्या जेसोर भागातून तिची पहिली लाट उठली, आणि नंतरच्या लाटेत ती रशियातून हंगेरीत पोचली. ज्या पाद्र्याने त्या नोंदी केल्या त्याचं अक्षर पानागणिक घाईचं होत गेलेलं दिसतं.

या वह्या मला क्लीव्हलंडला बसून वाचता आल्या त्या मॉर्मन पंथाच्या लोकांमुळे. आपल्या पूर्वजांची नावं शोधणं हे त्यांच्यात धर्मकर्तव्य आहे. त्यापोटी त्यांनी देशोदेशीच्या जुन्या नोंदींचे फोटो काढून ठेवले. हंगेरीच्या आणि स्लोव्हाकियाच्या चर्चच्या वह्या त्यात आहेत, आणि आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्याही आहेत. हे कळल्यावर मला नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या आठवल्या. यजमान आला की ते आधी नाव विचारत नाहीत, गाव विचारतात. गावावरून चोपडी निघते, मग आडनाव, मग पणजोबांची सही किंवा अंगठा. गाव सांगता आलं नाही तर त्यांचाही इलाज चालत नाही.

हंगेरियन अक्षरात आम्ही अडलो की गल्लीतल्या एका आजींकडे जायचो. सगळे त्यांना ‘नेनी’ म्हणतात. तिकडे वडीलधाऱ्या बाईंना असंच म्हणतात. १९५६ च्या उठावानंतर सुमारे दोन लाख माणसं हंगेरी सोडून गेली, त्यांतल्या त्या. अठरा वर्षांच्या होत्या, थंडीत चिखल तुडवत ऑस्ट्रियाच्या हद्दीपर्यंत चालत गेल्या. आई मागे राहिली. जहाजाच्या यादीत पणजोबांच्या नावापुढे ‘वंश’ या रकान्यात स्लोव्हाक लिहिलेलं होतं, आणि सुनेच्या नातेवाइकांना ते मुळीच पटेना. आम्ही अस्सल हंगेरियन, असं त्यांचं म्हणणं. नेनी म्हणाल्या, “त्या भागात घरात एक भाषा, बाजारात दुसरी, चर्चमध्ये तिसरी. विचारणाऱ्याने ज्या भाषेत विचारलं त्यात त्याने उत्तर दिलं असेल.”

मला ते पटलं. हंगेरीत अगदी सर्रास आढळणारी आडनावं पाहिली तर तोत म्हणजे स्लोव्हाक, होरवात म्हणजे क्रोएशियन, नेमेत म्हणजे जर्मन, ओलाह म्हणजे रोमेनियन. उलट, १८८१ साली आडनाव बदलण्याची फी पाच फोरिंटांवरून पन्नास क्राइत्सारवर आणली गेली आणि जर्मन, स्लोव्हाक, ज्यू घरांनी हजारोंनी हंगेरियन आडनावं घेतली. काहींनी मनापासून, काहींनी नोकरी टिकावी म्हणून. शुद्ध मूळ शोधायला निघालेल्या माणसाला हंगेरीतली कुठलीच वही ते देणार नाही, आणि माझ्या मते ते फार बरं आहे.

मुळाच्या शोधात निघालेल्या हंगेरियन माणसांत माझा सर्वांत आवडता माणूस आपल्या देशात चिरनिद्रा घेतो आहे. कोरोशी चोमा शान्दोर. ट्रान्सिल्व्हेनियातल्या गरीब घरात १७८४ साली जन्मला. हंगेरियन लोक आशियातून आले, तर आशियात त्यांचे भाऊबंद कुठेतरी असतीलच, या ध्यासाने १८१९ साली जवळजवळ रिकाम्या हाताने, पायी निघाला. इराण, अफगाणिस्तान करत लडाखला पोचला. झांस्करच्या झांगला इथे कडाक्याच्या थंडीत तिबेटी शिकला आणि १८३४ मध्ये कोलकात्यात त्याने तिबेटी-इंग्रजी कोश आणि तिबेटीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. ल्हासाच्या वाटेवर असताना ११ एप्रिल १८४२ रोजी दार्जिलिंगला तापाने गेला. भाऊबंद त्याला भेटले नाहीत. हंगेरियनच्या जवळच्या भाषा पश्चिम सैबेरियातले खांती आणि मानसी लोक बोलतात, असं भाषाशास्त्र सांगतं. तो तिकडे गेलाच नव्हता. पण एका परक्या भाषेच्या अभ्यासाचा पाया त्याने घालून दिला. ज्यांना दार्जिलिंगला जायचं असेल त्यांनी त्याच्या कबरीपाशी जरूर जावं.

आता या सगळ्यात मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येते. सुनेच्या घरात जुने फोटो आहेत. त्यांच्या पाठीवर बायकांची नावं लिहिली आहेत ती नवऱ्याच्या नावाला ‘ने’ जोडून. कोवाच यानोश या माणसाची बायको म्हणजे कोवाच यानोश्ने. तिचं स्वतःचं पहिलं नावही उरत नाही, आडनावही नाही. घरगुती आठवणीत या बायका अशा पुसल्या गेल्या. पण चर्चच्या वहीत, प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याला, आईचं पहिलं नाव आणि माहेरचं आडनाव न चुकता लिहिलेलं आहे. तीन इश्त्वान एकाच घरचे हे आम्हाला कळलं ते आईच्या माहेरच्या नावावरून. एका गावात एकाच नावाचे चार-चार पुरुष. त्यांना वेगळं करतं ते बायकोचं माहेर. मागची पिढी गाठायची तर दार तेच. हंगेरीत ही पद्धत आजही टिकून आहे: माणसाची ओळख पटवायला प्रत्येक सरकारी अर्जात आईचं जन्मनाव विचारतात, ओळखपत्रावर ते छापलेलं असतं.

कॉश्शॉचा विचार करताना हे आणखी एका कारणाने मनात राहतं. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून ४,३७,००० हून अधिक ज्यूंना आगगाड्यांत कोंडून नेलं, बहुतेकांना ऑशविट्झला. त्यांतल्या बहुतेक गाड्या कॉश्शॉच्या स्टेशनावरून गेल्या. हंगेरियन पोलिसांनी त्या तिथे जर्मनांच्या ताब्यात दिल्या. अशा घरांतलं परदेशी पोचलेलं कुणी आज मूळ शोधू लागलं तर गावात विचारायला कुणीच नसतं. जेरुसलेमच्या याद व्हाशेम स्मारकात मेलेल्यांच्या आठवणीखातर नातेवाइकांनी भरून दिलेले कागद जपले आहेत, एका माणसाला एक कागद. त्यातही आईचं पहिलं नाव आणि माहेरचं आडनाव विचारलेलं असतं.

परदेशातल्या पुष्कळांना या शोधाची निकड वाटते ती नागरिकत्वासाठी. १ जानेवारी २०११ पासून लागू झालेल्या कायद्याने, पूर्वज हंगेरीचा नागरिक होता हे कागदाने दाखवता आलं आणि हंगेरियन बोलता आलं, तर तिथे न राहताही नागरिकत्व मिळतं. दहा लाखांहून अधिक लोकांनी ते घेतलं आहे. भाषेची अट मला योग्य वाटते. सुनेने अर्ज केलेला नाही, पण नेनींकडे हंगेरियन शिकायला ती नेमाने जाते.

तिने एकदा मला विचारलं, “आई, तुमच्या आजीचं नाव काय?” मी सांगितलं. “ते लग्नाआधीचं का?” मला सांगता आलं नाही. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहीत आणि जुनं त्या दिवसापासून बंद होई. माझ्या आजीला माहेरी काय हाक मारत, हे आमच्या घरात कुणालाही माहीत नाही. उपाध्यायांच्या चोपडीत ती आहे, पण सासरच्या नावाने. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं, ही चांगली गोष्ट झाली; पण ती त्या मुलांपुरती. मागच्या बायकांची नावं आता फक्त माणसांच्या तोंडी आहेत.

म्हणून वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे, आणि ज्यांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत त्यांना तर विशेष. घरात ऐंशी-नव्वदीतली कुणी बाई असेल तर या आठवड्यात तिच्यापाशी बसा आणि लिहून घ्या: तिचं, तिच्या आईचं आणि आठवत असेल तर आजीचं माहेरचं पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका आणि त्या वेळचा जिल्हा.